नऊ बोटांचे बन

काटेवाल्याच्या बायकोनं त्या सकाळी बारा बन वळले ते नऊ बोटांनी. दहावं बोट, म्हणजे डाव्या हाताची करंगळी, आठ दिवसांपूर्वी मोडलं होतं आणि आइस्क्रीमच्या काडीला घट्ट बांधून ठेवलं होतं. रात्रभर भिजलेले बेदाणे, संत्र्याच्या सालीचे तुकडे, दालचिनी, किसलेलं जायफळ, सगळं कणकेत जिथल्या तिथे गेलं. करंगळी मात्र प्रत्येक बनाला ठणकून हजेरी लावत होती.

काटेवाला म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावरचा माणूस. काचेच्या खोलीत बसून तो आकडा सांगायचा आणि धिप्पाड ड्रायव्हर मुकाट्यानं चिठ्ठी घेऊन जायचे. घरी तोलायला दोनच माणसं उरत, आई आणि बायको. आईला तो वजनात धरत नसे.

चौदा वर्षांत त्यानं काय काय मोडलं, ती यादी सूनबाईला तोंडपाठ होती. पेले अकरा, खुर्च्या तीन, आरसा एक, तिचे दात दोन आणि आता ही करंगळी. वाफेच्या ओव्हनला मात्र त्याचा हात कधी लागला नव्हता. बंद पडलेल्या एका खानावळीतून तो त्यानं स्वतः उचलून आणला होता, आणि स्वतःच्या वस्तूला हा गडी फार जपायचा.

ओव्हनचं दार खालच्या बाजूला उघडायचं. आत वाफ कोंडलेली असताना कुणी वाकून ते एकदम ओढलं, की सगळी वाफ थेट तोंडावर. पहिल्याच आठवड्यात सूनबाईच्या भुवया गेल्या, तेव्हापासून घरात नियम झाला. दार उघडणाऱ्यानं आधी "वाफ!" म्हणून ओरडायचं, बाजूला उभं राहायचं, बोटभर फट करायची, पाच मोजायचे. ती ओरडली की सासू खुर्चीसकट मागे सरकायची. सासूला कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडणंही तसंच खणखणीत.

आठ दिवसांपूर्वी काट्यावरचा साहेब चहाला आला होता. काटेवाला ओव्हनला टेकून ऐटीत गप्पा मारत होता आणि ही ओरडली, "वाफ! सरका!" तो टुणकन उडाला. साहेब हसला. "घरात काटा दुसऱ्याच्या हातात दिसतो," म्हणाला. साहेब गेल्यावर काटेवाल्यानं तिची करंगळी धरली आणि काडी मोडावी तशी मागे मोडली.

"या घरात ओरडायचं नाही. काय सांगायचं ते हळू सांगायचं. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली, हळू.

त्यानंतर तीन दिवसांनी ती चौकातल्या बेकरीत गेली. तिथल्या मालकिणीला मसाल्याचे बन करणारी बाई हवी होती. पगार होता, आणि वर एक खोली होती. मालकिणीनं पावतीच्या पाठीवर लिहून दिलं, 'शनिवारी अकरा वाजता. बारा बन. जमले तर वरची खोली.'

तो शनिवार आजचा. कपड्यांची पिशवी पिठाच्या डब्यामागे भरून ठेवलेली. दहा वाजून दहा मिनिटांनी बन आत गेले. अठरा मिनिटांचं काम. पहिली दहा मिनिटं दार उघडायचं नाही, नाहीतर फुललेले बन फुस्सकन बसतात.

सव्वादहाला काटेवाला परत आला.

"चष्मा कुठाय माझा? आकडे दिसत नाहीत तिथे."

"फ्रिजवर बघा."

त्यानं फ्रिजवर पाहिलं, खिडकीत पाहिलं, मग पिठाचा डबा सरकवला.

"ही पिशवी कुणाची?"

"धुण्याची असेल," सासू म्हणाली. तिचं कानाचं यंत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं, सेल संपलेले. तरी कुठला प्रश्न कधी येतो हे तिला यंत्राशिवाय कळायचं.

त्यानं पिशवी उलटी केली. चार कपडे, कंगवा, शाळेचा दाखला, आणि ती पावती. पावती नाकाला लावून त्यानं एकेक अक्षर वाचलं.

"खोली पाहिजे होय बाईसाहेबांना?"

पहिल्या फटक्यात तिचं डोकं फळीवर आपटलं आणि जायफळाची बरणी खाली येऊन फुटली. दुसऱ्यात ओठ फाटला. मग त्यानं ओट्यावरचं लाटणं घेतलं. खांद्यावर एक, पाठीवर दोन. ती खाली बसली तेव्हा त्यानं केस धरून तिचं तोंड काचांपासून वीतभरावर आणलं.

"बोल, कुणाला विचारून?"

"सोड रे तिला, मेली तर तुरुंगात सडशील!" सासू म्हणाली.

"तू गप्प बस." त्यानं केस सोडले. "थांब, तुझे बनच बघतो आधी. एकेक करून रस्त्यावर फेकतो."

तो ओव्हनपुढे वाकला. काच वाफेनं आंधळी झालेली, चष्मा नाही. त्यानं तोंड दाराला चिकटवलं.

सूनबाईच्या तोंडात रक्त होतं. तिनं ते गिळलं.

"वाफ," ती म्हणाली. त्यानं शिकवलेल्या आवाजात.

"काय पुटपुटतेस?"

"वाफ," ती पुन्हा म्हणाली. तितक्याच हळू.

"आता तू मला शिकव!" म्हणत त्यानं दार सगळ्या ताकदीनं ओढलं.

तिला ओरडता आलं असतं. हे तिला त्या क्षणी माहीत होतं, आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी माहीतच राहणार होतं.

किंकाळी अशी निघाली की समोरच्या खिडकीतली कबुतरं उडाली. तो मागे कोसळला, सावरायला हात टाकला तो तापल्या ट्रेवर, मग पुन्हा ओरडला. चेहरा लालभडक, डोळे गच्च मिटलेले. तिनं आधी काय केलं म्हणाल, तर पायानं ओव्हनचं दार लावलं. मग त्याचे केस धरले, जसे त्यानं मघाशी तिचे धरले होते, आणि त्याला मोरीपर्यंत फरफटत नेऊन डोकं नळाखाली दाबलं.

"सोड! जीव गुदमरतोय!"

"तोंड वळवून श्वास घ्या. भाजल्यावर वीस मिनिटं गार पाणी."

"पुरे झालं! तुझ्या पाया पडतो!"

"आई, किती झाली?"

सासू घड्याळाकडे बघत होती. "तीन."

त्यानं हात मागे फेकून तिची मान पकडायचा प्रयत्न केला. तिनं गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि डोकं आणखी खाली दाबलं. पाणी गार होतं, उपचार बरोबर होता. गुडघा मात्र कुठल्याही उपचारात बसत नव्हता.

तेवढ्यात ओव्हनची घंटा झाली. ती काही सासूला ऐकू आली नसावी, पण लाल दिवा दिसला. म्हातारी उठली, हातात फडकं घेतलं, बाजूला उभी राहिली आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "वाफ!" बोटभर फट, पाच आकडे, मग ट्रे बाहेर.

"बसलेत गं," ती म्हणाली. "चपलेसारखे झालेत."

वीस मिनिटं भरली तेव्हा किंकाळी ऐकून आलेला शेजारी दारात उभा होता, गाडीची किल्ली घेऊन. काटेवाल्याचे डोळे शाबूत होते, पण कातडी कपाळापासून हनुवटीपर्यंत फुगत चालली होती.

"अहो, घरातल्या माणसानं सांगायला नको?" शेजारी सूनबाईच्या फाटक्या ओठाकडे न बघता म्हणाला. "एवढी वाफ आत आहे म्हणून?"

"सांगितलं तिनं," सासू म्हणाली. "दोनदा. मी माझ्या कानांनी ऐकलं."

कानाचं यंत्र टेबलावर पिठात पडलं होतं. सूनबाईनं यंत्राकडे पाहिलं, मग सासूकडे. म्हातारीनं मुलाच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"मी जाते याच्याबरोबर दवाखान्यात. मीच जन्माला घातलाय, मीच बघते. तू काय बघतेस? अकरा वाजायला आले."

बेकरीत मालकिणीनं एक बन सुरीनं कापला. वास घेतला, तुकडा चावला, बराच वेळ चावत राहिली.

"मसाला चोख आहे. फळंही वर-खाली झालेली नाहीत. पण मधेच दार उघडलंय."

"हो."

"कुणी?"

"नवऱ्यानं."

"कुठाय तो?"

"दवाखान्यात."

मालकिणीनं तिचा ओठ पाहिला, काडीला बांधलेली करंगळी पाहिली, ओल्या बाहीवर पसरलेला लाल डाग पाहिला. बाकीचे अकरा बन मोजले. मग गल्ल्यामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून फळीवर ठेवली.

"हे विकता यायचे नाहीत. सोमवारी पहाटे पुन्हा कर, माझ्यासमोर. वरच्या खोलीला आतून दोन कड्या आहेत. आधीची बाई पण अशीच आली होती."

सूनबाईनं किल्ली उचलली. जिना अरुंद होता. अर्ध्यावर गेल्यावर मागून खाली भट्टीचं दार खडखडलं आणि ती सगळ्या गळ्यानं ओरडली, "वाफ!"

खालचे दोघे कारागीर दचकून बाजूला झाले.