राजाच्या सोबत्याची कुदळ

मी एक जुनी कुदळ आहे, मित्रांनो. किती जुनी म्हणाल, तर चीनवर छिन सम्राटांचं राज्य होतं तेव्हाची. आता टेक्सासात, प्लेनोच्या एका गॅरेजात टांगलेली असते. या घरच्या रत्नाने मला जुन्या बाजारातून "अँटिक" म्हणून आणलं. दांडा नवा आहे, लोखंड तेच.

माझा पहिला धनी शेतमजूर. शेजारच्या सरीत त्याचा सोबती राबायचा. कुणीही मोठं झालं तरी दुसऱ्याला विसरायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. पुढे सोबत्याला सक्तीने सरहद्दीकडे धाडलं. वाटेत पावसाने रस्ते बुडाले, आणि उशीर झाला की मुंडकं उडवायचं असा कायदा! मरायचंच आहे तर लढून मरू, म्हणत त्याने बंड उभारलं. गावोगावचे लोक काठ्या-कुदळी घेऊन धावले. तेव्हा मी मातीऐवजी माणसं खणली. माझं फार कौतुक झालं.

सोबती राजा झाला. धनी मला खांद्यावर टाकून त्याला भेटायला गेला. तिथे पोटभर जेवला आणि राजाच्या फाटक्या दिवसांचे किस्से सांगून दरबाराला हसवत सुटला. राजाही हसला.

हे सारं मी वाड्याच्या दारातून पाहिलं आणि तिथेच वाट पाहत राहिले. धनी बाहेर आला तो मुंडक्याविना. मग मला मातीने गिळलं.

यंदा खंडेनवमीला रत्नाने लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी मलाही पाटावर मांडलं, कुंकू लावलं. त्या लाल ओलीने मी शहारले.

रत्नाचा नवरा राजेश कंपनीत डायरेक्टर. टीममधला एक माणूस कमी करायचा होता आणि नाव त्याने द्यायचं होतं. त्याच टीममध्ये केदार, राजेशचा जुना रूममेट. व्हिसावरचा माणूस, नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा.

ऑफिसची मंडळी जमली होती. श्रीखंडाची वाटी घेऊन केदार रंगात आला. "वहिनी, ऐकाच! पिस्कॅटवेला एका खोलीत राहायचो तेव्हा हा माझा कोट घालून इंटरव्ह्यूला गेला, आणि बाही उसवून आणली! वर मलाच म्हणतो, 'तुझा कोटच भिकार!'"

"अगं बाई! मला तर म्हणाले, कोट स्वतःचा होता!"

सगळे हसले. राजेशही हसला. तेच हसू, मित्रांनो. ओठांवर होतं, डोळ्यांत नव्हतं.

कुणाचा धक्का नाही, वारा नाही, तरी मी पाटावरून घसरून खणकन फरशीवर आदळले. केदारनेच मला उचललं. "दणकट आहे हं म्हातारी!" त्याचा तळवा थेट धन्यासारखा ऊबदार. मला ओरडायचं होतं, 'गप्प बस रे बाबा!' पण लोखंडाला जीभ नसते.

रत्नाने मला गॅरेजात नेऊन टांगलं. पाठोपाठ राजेश आला, फोन कानाला लावून.

"येस, नाव ठरलं. केदार." पलीकडचं ऐकून म्हणाला, "नो, नो. नथिंग पर्सनल."

आतून केदारची हाक आली, "राज्या, कुठे गेलास? श्रीखंड संपतंय!"

"आलो रे! तू घे, पोटभर खा."

मित्रांनो, मला पुजू नका. मला तेलाचं एक बोट पुरे. ज्याने तुमच्याबरोबर उपाशी दिवस काढले, त्याला पाटावर बसवा, आणि तो चारचौघांत तुमची फजिती सांगू लागला, तर सांगू द्या.