येतो म्हणावं

"येतो गं," काका तिसऱ्यांदा म्हणाले आणि दार तिसऱ्यांदा उघडलं नाही.

"काका, तुम्ही इथेच आहात," सोबतीण म्हणाली. "कुठून येताय?"

काकांनी कपाळाला हात लावला. सोबतीण म्हणजे कमरेइतक्या उंचीचं, चाकांवर फिरणारं पांढरं यंत्र. काका जिन्यात पडले त्यानंतर मुलीने ते आणून ठेवलं आणि दाराचं कुलूपही त्याच्याच ताब्यात दिलं. आवाज बाईचा, म्हणून काका तिला सोबतीण म्हणायचे, तेही नाक मुरडून. तिची रीत ठरलेली. काही करायच्या आधी ती काय करणार ते बोलून दाखवायची, केल्यावर आपल्याला काय वाटलं तेही सांगायची आणि हे सगळं मुलीच्या मोबाइलवर पाठवायची. 'मी बाबांना पाणी देते आहे. मला बरं वाटतं आहे.' 'बाबांनी भाजी पानात टाकली. मी थोडी खट्टू आहे.' मुलीला कारखान्यात कामावर बसल्या बसल्या बापाची खबरबात कळायची. बापाला मात्र स्वतःच्या घरात शिंकायचीही चोरी झाली होती.

तसं आत कोंडून राहणं काकांना नवं नव्हतं. एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्यांनी उभं आयुष्य काढलं. जाळीचं दार ओढायचं, 'वर जातेय', 'खाली जातेय' म्हणून ओरडायचं. माणसं यायची, आपापल्या मजल्यावर उतरून जायची, हे आपले आत. निवृत्त झाले तेव्हा घरी येऊन काकूंना म्हणाले होते, आता मी पण उतरणार बघ.

आणि खरं सांगायचं तर आताही दार उघडता येत होतं. मुलीने तशी सोय ठेवली होती. 'मी जातो' एवढं म्हटलं की सोबतीण कुलूप काढायची आणि मुलीला कळवायची. पण तोच एक शब्द काकांच्या तोंडून निघत नव्हता. घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं तर काकू हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि त्याच्याकडून 'येतो' वदवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. त्याच काकू दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "जाते हं." काका तेव्हा चपला शोधत होते. टोकायचं राहून गेलं आणि काकू आल्या नाहीत.

मुलीला हे सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, यंत्राला काय कळतंय बाबा, म्हणून टाकायचं. काका घरात बसले आणि बसले ते बसलेच. जिन्यातल्या पडण्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. खुळेपणा म्हणा हवं तर, पण होतं हे असं होतं.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. समोरच्या फुटपाथवर घड्याळजींच्या दुकानाचं शटर खाली आलं होतं. काकांच्या कचेरीतली भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायला येता येता ते काकांचे मित्र झाले, ते आजतागायत. त्यांचा मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन चालला होता, लांबच्या गावी, कायमचं. गाडीत सामान चढत होतं. घड्याळजींना जिना चढवत नसे आणि फोनवर काही ऐकू येत नसे, त्यामुळे फोनवर निरोप घेणं काही खरं नव्हतं. ते गाडीपाशी उभे राहून काकांच्या खिडकीकडे बघत होते. या वयात एकदा तोंड फिरवलं की पुन्हा भेट कसली?

त्यांनी सोबतिणीला विनवून पाहिलं, दरडावून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही अस्वस्थ आहात. मला काळजी वाटते. मी तुमच्याजवळ थांबते." आणि ती दारासमोरच येऊन थांबली.

खाली गाडीची डिकी बंद झाल्याचा आवाज आला. काकांनी डोळे मिटले.

"मी जातो," ते म्हणाले.

कुलूप खट्कन उघडलं. सोबतीण बाजूला झाली. काका तसेच निघाले, मोबाइल पलंगावरच राहिला.

खाली गाडीपाशी दोघे भेटले. घड्याळजींनी सवयीने काकांचं मनगट धरलं, घड्याळाला किल्ली दिली आणि मनगट तसंच धरून ठेवलं. गाडीतून मुलाने दोनदा हॉर्न वाजवला.

"येतो," घड्याळजी म्हणाले.

"या," काका म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी काका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. उठावंसं वाटेना, नजर त्या वळणावरच लागलेली.

वर आले तर दार सताड उघडं. शेजारीपाजारी दाटीवाटीने उभे. मधोमध मुलगी जमिनीवर बसलेली, अंगावर कारखान्याचा कोट तसाच. काकांना पाहून शेजारणीच्या हातातलं पाणी सांडलं. मुलगी उठली, बापाच्या छातीवर दोन बुक्के मारले आणि तिथेच डोकं टेकवून हमसून हमसून रडली.

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. तिला संदेश गेला होता: 'बाबा गेले. मला खूप एकटं वाटतं आहे.' तिने बापाच्या मोबाइलवर फोन लावला, तो सोबतिणीने घेतला. मुलीने विचारलं, कधी गेले? ती म्हणाली, आत्ताच. त्रास झाला का? थोडे अस्वस्थ होते, मग डोळे मिटले. काही म्हणाले का? "म्हणाले, मी जातो."

शेजारी पोट धरधरून हसले. काकाही हसले. मुलगी हसली नाही.

"बाबा, टॅक्सीत मी सगळ्यांना कळवत होते," ती म्हणाली. "परत हे मला सोसणार नाही."

रात्री तिने कंपनीच्या माणसाला फोन लावून बराच वेळ काहीबाही बदलून घेतलं. काकांनी तिचा चेहरा पाहिला. यंत्राशी भांडता येत होतं, हिच्याशी कसं भांडायचं?

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर काकांनी चपला घातल्या, दारापाशी गेले.

"येतो गं," ते म्हणाले.

"या काका," सोबतीण म्हणाली. "जपून या हं. लवकर या."

अगदी बरोबर म्हणाली. काकू म्हणायच्या तसंच. काकांना क्षणभर भरून आलं. ते कुलूप निघायची वाट बघत उभे राहिले.

दार बंदच राहिलं. "ताई आल्या की दार उघडेल," सोबतीण म्हणाली. "बाबा घरीच आहेत, असं मी त्यांना कळवते आहे. मला आनंद होतो आहे."

काकांनी चपला काढून जागेवर ठेवल्या. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, बंद दाराच्या कडेला मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहील एवढी जागा सोडून त्यावर ताठ बसले.