देवीच्या दाराचं रक्त

देवळाचं दार रक्त गाळतंय म्हणून पाटण खोऱ्यातली दहा गावं आमच्या गावात लोटली होती. पासष्ट सालचा चैत्र, ऊन रणरणतं. देवळातला नाथाजीबुवा दारावरचे तांबडे ओघळ कापसानं टिपायचा आणि तोच कापूस देवीचा प्रसाद म्हणून तान्ह्या पोरांच्या डोळ्यांना लावायचा. पोरांचे डोळे सुजत होते, तरी आया रांगेत उभ्या होत्या.

"आई रडतिया! विटाळ झालाय तिला!" बुवा किंचाळला.

विटाळ करणारी त्यानं आधीच हेरून ठेवली होती. देवळाचं अंगण झाडणारी विधवा सुलाकाकी म्हणे उठताना दाराला टेकली. रक्त थांबेपर्यंत तिनं रोज दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत दारासमोरच्या फरशीवर बसायचं, पाण्याचा थेंब न घेता. आज तिसरा दिवस. संध्याकाळी ओघळ थांबले की बुवा म्हणे, देवी निवली. सकाळी ऊन आलं की पुन्हा सुरू.

ते दार मीच रंगवलं होतं. मी गावचा सुतार. लोणंदला कामाला गेलो होतो, परत येऊन हा तमाशा बघितला आणि मला हसूच आलं. जत्रेआधी मी पंच आप्पासाहेबांना बजावलं होतं, "जुना रंग खरवडल्याबिगर नवा धरायचा न्हाई."

ते म्हणाले होते, "आईच्या दाराला पटाशी लावतोस व्हय रं? मार वरनंच."

वर्षानुवर्षं भक्तांनी तेल चोळलेलं ते दार. मी मारला वरनंच.

"आप्पासाहेब, रक्त न्हाई, माझा रंग हाय त्यो," मी गर्दीत ओरडलो. "काकीला उठवा."

"दाखव की मग," बुवा म्हणाला. "दाखवलंस तर उठंल ती."

मला चेव चढला. मी बुवाच्या खडावा मागितल्या. भक्तांनी तेल चोळून त्या काळ्याकुट्ट केल्या होत्या. चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना. डब्यात उरलेला दाराचा रंग मी एका खडावेला फासला आणि एका कोऱ्या सागवानी फळीला. दोन्ही उन्हात उभ्या केल्या.

"धोंडिराम, पाणी दे रं," काकी म्हणाली.

"जरा दम धर काकी, आत्ता हुतंय," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

तासाभरात फळीनं रंग पिऊन टाकला. खडावेवरून तांबडा ओघळ निघाला.

"हिला कोण टेकलं व्हतं, बुवा?"

लोक खदाखदा हसले. मग मी मास्तरासारखा शिकवायला लागलो. लाकूड जुन्या तेलानं आणि रंगानं भरलेलं असतं, नव्या रंगाला आत शिरायला जागा नसते, तो वरच चिकट राहतो, उन्हानं पातळ होऊन गळतो आणि गारव्यानं थांबतो. आप्पासाहेबांनी मान डोलावली. बुवा अनवाणी पळाला. टाळ्या पडल्या, त्या मला गोड लागल्या.

काकी फरशीवर कलंडली होती. मी तांब्या तोंडाला लावला. पाणी ओठांवरून तसंच खाली आलं.

बुवानं मारली, असं गाव म्हणतं. आप्पासाहेबही तेच म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. दारातून गळत होतं ते रक्त असो नाहीतर रंग, तहानलेल्या बाईला पाणी द्यायला कसलाच पुरावा लागत नव्हता. बुवाबाजी उघडी पाडा, जरूर पाडा. पण आधी माणसाला सावलीत घ्या.