म्हैसासुराचा पाय

भातरोपांची जागा भाजायच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना जयराम झाडावरून पडला आणि नडगीचं हाड मोडून बसला. हाडं बसवणाऱ्या सापगावच्या सावळारामाने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "अखितीपर्यंत पाय भुईला लावलास तर जलमभर लंगडशील."

अक्षय्य तृतीयेपर्यंत! त्याआधी चैत्रातच गावचा बोहाडा, देवदैत्यांची सोंगं नाचवायचा उत्सव, होता, आणि म्हैसासुराचा मुखवटा चढवून नाचायचा मान पिढ्यान्‌पिढ्या जयरामाच्या घरचा. मान कसला, तर देवीच्या हातून मरायचा! पण ऐट राजाची. पंचांनी यंदापुरतं सोंग चुलतभावाला, चंदरला, दिलं. एकदा गेलेला मान परत येत नाही, या धास्तीने जयरामाची झोप उडाली.

बायको रंभा त्याला न्हाऊ घालायची, भरवायची आणि वर त्याचीच बडबड ऐकायची.

"चंदर नाचनार? त्याला धड चालता येत नाय!"

"तुमाला तरी कुठं येतंय?"

तिला या माणसाची चीड यायची. एरवी भर कामाच्या दिवसांत बांधावर आडवा होणारा गडी, आता पड म्हटलं तर अंगात वारं शिरलेलं!

सोंगाच्या सकाळी तिने पेज नेली, घोंगडी ओढली, तर खाली चंदर.

"दादा बोलला, दारू पाजतो, माज्या जागी पडून ऱ्हा."

रंभा तशीच धावत सुटली.

चौकात म्हैसासुर लंगडत नाचत होता आणि लोक पोट धरून हसत होते. "वा रे चंदर! जयरामाची काय नक्कल करतोय!"

ते ऐकून म्हैसासुर चवताळला. दोन्ही पायांवर उंच उडाला आणि किंचाळत कोसळला. देवीने अजून खड्ग उगारलंही नव्हतं.

"असं मरावं! शाब्बास चंदर!"

रंभाने गर्दीत घुसून मुखवटा ओढून काढला. तेव्हा कुठे शिट्ट्या थांबल्या.

सावळारामाने पुन्हा कामट्या बांधल्या, पण या खेपेला मुदत सांगितली नाही. पंचांनी सोंग कायमचं चंदरकडे दिलं. अट एकच, यंदासारखंच लंगडत नाचायचं, लोकांना ते फार आवडलं.

जयराम भिंतीकडे तोंड करून रडला. रंभाला वाईट वाटलं नाही असं नाही, पण रागच जास्त होता.

"पडा आता निवांत," ती म्हणाली. "बरं वाटलं की सांगा. चंदर लंगडायला शिकायला येनार हाय."