हार्लनच्या नावाची सही

मी केंटकीच्या डोंगरातल्या एका औषधाच्या दुकानातली सह्यांची वही बोलते आहे. औषध नेणाऱ्याने माझ्यात सही करावी, एवढेच माझे प्रयोजन.

या दऱ्यांमध्ये जुना रिवाज आहे. गावात जाणाऱ्याने शेजाऱ्याचेही औषध आणावे आणि सही मात्र शेजाऱ्याच्याच नावाने करावी. दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या नावावर उचलणे इथे असभ्य मानतात. म्हाताऱ्या हार्लन सायझमोरचे इन्शुलिन शेजारीण ट्रेसी तीन वर्षे याच रीतीने नेत होती.

"आज पुन्हा हार्लन का ग?" दुकानाची मालकीण डेल्फिया विचारी.

"हो, दाढी तेवढी यायची राहिलीय," ट्रेसी म्हणे.

मग विम्याच्या वतीने दुकानाला औषधांचे पैसे देणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. सह्या हार्लनच्या हातच्या नाहीत, हे त्याने अक्षरावरून ताडले. डेल्फिया निर्धास्त होती. रुग्णाला औषध पोचले असेल, तर केवळ कागदावरच्या चुकीसाठी पैसे परत घेता येत नाहीत, असा राज्याचा नियमच होता. पुराव्यासाठी तीस दिवसांची मुदत होती. 'औषध मला मिळाले' अशी हार्लनची एक ओळ पुरे होती.

परंतु कंपनीने हार्लनला आधीच पत्र धाडले होते: 'आपण स्वतः दुकानातून औषध नेले काय?' सत्यवचनी हार्लनने 'नाही' लिहिले होते.

तरी ती ओळ मागायला डेल्फिया मला काखेत घेऊन त्याच्याकडे गेली. ट्रेसीही आली.

"पोरी, मी खरं तेच लिहिलं," तो म्हणाला. "आता वेगळं लिहिलं तर मलाच खोटा ठरवतील. विमा गेला तर काय करू?"

"मग तीन वर्षं पिशवी भुतानं आणली का रे?" ट्रेसीने विचारले.

त्याने ओळ लिहून दिली नाही. माझ्या पानापानावर त्याचे नाव होते, आणि तो मला ओळखत नव्हता.

मुदत संपली. तीन वर्षांच्या इन्शुलिनचे पैसे परत मागितले गेले, आणि दुकान बंद करण्याचे ठरले. शेवटच्या शुक्रवारी हार्लन स्वतः आला. त्याने सावकाश सही केली.

"पुढच्या महिन्यापासून चाळीस मैलांवर जावं लागेल," डेल्फिया म्हणाली.

"तिथं ट्रेसीला सही करू देतील ना?"

तिने मला मिटले.

नियमानुसार मला दहा वर्षे जपायचे आहे. दुकान जपण्याचा नियम कोणी केला नाही. मी आता डेल्फियाच्या माळ्यावरच्या खोक्यात आहे. माझ्यातली प्रत्येक सही खरी आहे, असे मी म्हणणार नाही. पण औषध न मिळालेला एकही माणूस माझ्यात नाही. पुढे कधी कोणी मला उघडलेच, तर सही कोणाची, हे नंतर विचारा. औषध पोचले का, हे आधी विचारा.