जांभळं पाणी आणि खरी सही

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मंचावर काचेच्या वाडग्यामागे स्वतःला धान्यगुरू म्हणवणारा एक माणूस हात चोळत उभा होता.

"या, या! लाजताय कशाला? रोग आत घेताना लाजला नाहीत, आता बाहेर काढताना लाजता?"

लोक खो खो हसले. एक बाई वर गेली. गुरूने तिला आधी काळ्या रुमालाला बोटं पुसायला लावली, मग ती वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवायला सांगितली. बघता बघता पाणी जांभळं झालं. "अगं बाई!" असा गलका उठला. गुरूने डोळे मिटून काहीतरी पुटपुटत वर कुट्टूचा, म्हणजे उपवासाला खातात त्या धान्याचा, काढा ओतला. जांभळा रंग तांबूस होत होत पार गेला. विष गेलं! टाळ्याच टाळ्या. ते आलं कुठून, हे एकानेही विचारलं नाही.

तिसऱ्या रांगेत चिमी मान खाली घालून बसली होती. चिमी म्हणजे घरातलं शेंडेफळ. वय चव्वेचाळीस, धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं नोकरी, तरी दादाला ती चिमीच. मान खाली, कारण गुरूच्या मागे दाराएवढा फलक होता. त्यावर प्रयोगशाळेचा अहवाल होता आणि अहवालाखाली तिची सही.

सही खरी होती, हेच तर दुखणं होतं. वर्षापूर्वी हा गुरू साधा व्यापारी म्हणून कुट्टूची पिशवी घेऊन आला होता. चिमीने दाणे दळले, अर्क काढला आणि त्यातले फिनॉल जातीचे, म्हणजे अँटिऑक्सिडंट, पदार्थ मोजले. मग त्याला कौतुकाने नळीतला जांभळा रंग अर्काने फिका पडताना दाखवला. "बाई, हा तर चमत्कारच!" तो म्हणाला. एकोणीस वर्षांत तिच्या कामाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ती चक्क लाजली होती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी हाच फलक तिला बाजारात दिसला, तेव्हा ती गप्प बसली. अहवालात चूक काय आहे, असं तिने मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून तिला बरं वाटलं होतं.

काल ती दादाकडे गेली होती. दादा शिंपी, दहा वर्षांचा मधुमेह. कात्री पडून पायाच्या अंगठ्याला झालेली जखम दोन महिने भरत नव्हती. त्याच्या हाताची बोटं टोकाशी तपकिरी झालेली चिमीने पाहिली. असे डाग तिने शिकताना एका रसायनाने स्वतःच्या बोटांवर पाडून घेतले होते.

"दादा, इंजेक्शन घेतोस ना?"

"बंद केलंय. हे बघ, गुरूंच्या पाण्याने विष निघतंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"अंगठा काढावा लागेल म्हणे. त्यांचं काय जातंय म्हणायला!"

"अरे, त्या भामट्यावर विश्वास ठेवलास?"

"त्याच्यावर कोण ठेवतोय? खाली तुझी सही होती ना!"

चिमीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

आता गुरूने तिच्या शेजारी बसलेल्या दादाला वर यायला हाक मारली. दादा लंगडत उठला. चिमीने त्याचा हात धरून त्याला बसवलं आणि स्वतःच वर गेली.

तिने पर्समधून आपला रुमाल काढला, बोटं पुसली आणि ताज्या पाण्यात बुडवली. पाणी होतं तसंच राहिलं.

"मन बंद आहे बाईंचं," गुरू म्हणाला.

मग तिने त्याच्या काळ्या रुमालाला बोटं पुसून पुन्हा बुडवली. पाणी जांभळं झालं.

"घ्या! मिनिटात आजारी पडले की मी! रुमालात पोटॅशियम परमँगनेटची पूड आहे. काळ्यावर दिसत नाही, पाण्यात रंग सोडते."

गुरूचा लिंबू पिळलेला कोरा चहा टेबलावर होता. तिने तो उचलून वाडग्यात ओतला. रंग तांबूस झाला आणि हळूहळू गेला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, चहाही सिद्धपुरुष निघाला!"

गुरू चवताळला. "मग विचारा बाईंना, ही सही कुणाची?"

सगळ्या माना चिमीकडे वळल्या.

"माझीच आहे," ती म्हणाली. "अहवालही खरा आहे. कुट्टू चांगलं धान्य आहे, जरूर खा. त्यात अँटिऑक्सिडंट आहेत, तशी चहात आहेत, लिंबात आहेत. पण मी नळीतला रंग उडताना पाहिला. कुणाचा रोग गेलेला पाहिला नाही. हा फलक बाजारात दिसला तेव्हाच हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला लाज वाटते."

गुरू बाजूच्या दाराने कधी सटकला ते कळलंच नाही. दादा खुर्चीतच होता. चिमीने टेबलावरची लिंबाची फोड आणून त्याच्या बोटांवर चोळली. डाग निघाला.

"गेलं की गं."

"बोटांचं गेलं. पाय लिंबाने बरा होत नाही, दादा. चल दवाखान्यात."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. आधी मी बोलणी खाते."

अंगठा वाचला नाही. पाय वाचला. दादाने तिला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच तिला सोसवत नाही.

तेव्हापासून प्रत्येक अहवालाखाली ती स्वतःच्या हाताने लिहिते: ही तपासणी धान्याची आहे, माणसाची नाही. आणि विचारेल त्याला, न विचारेल त्यालाही सांगते, की रंग उडाला म्हणून रोग गेला असं समजू नका. दुसरं काही ओतून बघा, दुसऱ्या रुमालाला हात पुसून बघा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कागदाखाली आपल्याच माणसाची सही दिसली, तर त्या माणसाला घरी जाऊन विचारा. दादाने विचारलं नव्हतं, आणि चिमीने आपणहून सांगितलं नव्हतं.