लाल दोऱ्याचा टाका

त्या रस्त्यावर गाद्या करणाऱ्या बाईंना सगळे गादीकाकू म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं. बेचाळीस वर्षं गाद्या केल्या होत्या त्यांनी. त्यांच्या गादीवर झोप लागली नाही, अशी तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं, आणि आलं असतं तर धड परत गेलं नसतं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची झडती. रात्री किती वाजता आडवे होता, कुशीवर झोपता की पाठीवर, फोन उशाशी असतो का. असतो म्हणालं कुणी, की मग माझी गादी कशाला नासवताय, फरशीवर झोपा, असं तोंडावर सांगायच्या. चारनंतर चहा बंद, खिडकी उघडी, आणि सकाळी ठरल्या वेळी उठायचं म्हणजे उठायचं, सुट्टी असली तरी. लोक निमूट ऐकून घ्यायचे. महिन्याभरानं तेच लोक वाट वाकडी करून दुकानात यायचे आणि सांगायचे, काकू, हल्ली सकाळी उठलो की अंगात काय जोर असतो म्हणून सांगू.

आता खरी गोष्ट अशी, की खुद्द काकूंना गेली कित्येक वर्षं सुखाची झोप ठाऊक नव्हती. चहाचा नियम पाळायच्या, खिडकी उघडी ठेवायच्या, फोन तर स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे. तरी सकाळी कंबर धरून उठायच्या आणि पहिला अर्धा तास कुणाशी बोलायच्या नाहीत. कारण घरात सगळ्यांना दिसत होतं, बोलायची हिंमत कुणाची नव्हती. काकू झोपायच्या ती गादी त्यांनी अठराव्या वर्षी केलेली होती, आयुष्यातली पहिली. कारखाना तेव्हा वडिलांचा. ते तिच्यावर आडवे झाले, उठले आणि म्हणाले, "ही विकायची नाही. हिच्यावर तूच झोप." आणि त्याच दिवशी लाल दोऱ्याचं रीळ त्यांनी लेकीच्या हातात दिलं. केवढा मान! काकूंनी ती गादी लग्नानंतर सासरी नेली, कारखान्यामागच्या या घरात परत आणली, चार वेळा तिची खोळ बदलली. आतल्या कापसाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. मध्ये खड्डा आणि कडेला टेंगळं, अशी तिची दशा झाली होती.

लाल दोऱ्याचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण सगळा जीव त्यात अडकला होता. गादी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, लाल दोऱ्याचा तीन पाकळ्यांचा एक टाका घालायचा. ती कारखान्याची खूण. वडिलांच्या माघारी तो टाका फक्त काकू घालायच्या. मुलाला कापसाच्या नुसत्या वासानं शिंका यायच्या, म्हणून तो कचेरीत चिकटला. कारखान्यात आली ती सून. आधी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, त्यामुळे केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. कापूस पिंजून घेणं, उभ्या थरावर आडवा थर घालणं, खोळ भरणं, दाभणानं टाके ओढणं, सगळं ती दोन वर्षांत शिकली. चांगलं शिकली. काकूंना ते दिसत होतं, पण कौतुकाचा एक शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडेल तर शपथ. शेवटच्या कोपऱ्याशी आलं की त्या पुढे व्हायच्या, सुनेला बाजूला सारायच्या आणि लाल टाका स्वतः घालायच्या.

आणि हल्ली तो टाका वाकडा पडायला लागला होता. दाभणात दोरा ओवायलाच त्यांना चार-पाच प्रयत्न लागायचे. हात थरथरायचा, डोळ्यांवर सदा झापड. खिडकीची काच मळलीय म्हणायच्या. सून बिचारी रोज काच पुसायची. वय झालं, हात गेला, आता हा दोराही हातातून गेला तर आपण कारखान्यात बसायचं कशाला, ही धास्ती काकूंनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

अशात एक नर्स आली. रात्रपाळीची. दिवसा झोपायला बघते, जाड पडदे लावलेत, घंटी काढून ठेवलीय, तरी दोन तासांत जाग येते आणि कामावर जाताना पाय ओढत जावं लागतं, असं तिनं सांगितलं. हातात लोकांच्या सुया-औषधं असतात काकू, म्हणाली, मला भीती वाटते. काकूंनी तिचं माप घेतलं. आणि सुनेनं पहिल्यांदा मधे तोंड घातलं. ही गादी पहिल्या टाक्यापासून मी एकटी करीन, म्हणाली. काकू हो म्हणाल्या. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, एवढंच.

नऊ दिवस सून त्या गादीशी झगडली. दहाव्या दिवशी दुपारी गादी लाकडी फळ्यांच्या माचावर पसरून झाली. संध्याकाळी पाच वाजता नर्स न्यायला येणार होती. सून पदराला हात पुसत समोर उभी राहिली.

"आई, ही पास झाली तर लाल टाका मी घालणार."

काकू नुसतं हं म्हणाल्या. खोटं कशाला बोला, काहीतरी खोट काढायचीच, असं त्यांनी सकाळीच मनाशी ठरवून ठेवलं होतं.

गादी पारखायची वडिलांनी घालून दिलेली रीत होती. उजव्या कुशीवर वीस श्वास, डाव्या कुशीवर वीस, पाठीवर वीस. डोळे मात्र टक्क उघडे. कारण त्या कारखान्याचा एक नियम असा, की ज्या गादीवर कुणी झोपलं ती नवी म्हणून विकायची नाही. गिऱ्हाइकाला कोरी गादी द्यायची, तिच्यावरची पहिली झोप त्याची. बेचाळीस वर्षांत हजारो गाद्यांवर काकू आडव्या झाल्या होत्या आणि एकदाही त्यांची पापणी मिटली नव्हती. याचा त्यांना भारी अभिमान.

काकू आडव्या झाल्या. उजव्या कुशीवर खांद्याखाली एखादी गाठ लागते का म्हणून त्यांनी जीव लावून शोधलं. लागली नाही. डाव्या कुशीवर कंबरेपाशी पोकळी असेल. नव्हती. बघू या पाठीवर काय होतंय ते, असं म्हणून त्या उताण्या झाल्या आणि श्वास मोजायला लागल्या. नऊ मोजले, दहा मोजले, अकरा मोजले.

पुढचं त्यांना आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन फळीवरून उतरून दारापाशी गेलं होतं. सून स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती. बाकावर नर्स बसली होती, आणि दारात समोरचा शिंपी गळ्यात टेप अडकवून उभा होता. घोरण्याचा आवाज पार आपल्या मशीनपर्यंत येत होता, म्हणून कुणाला बरं नाही का बघायला आलो, असं त्यानं अगदी सभ्यपणे सांगितलं. सव्वापाच वाजले होते. काकू तीन तास ढाराढूर झोपल्या होत्या.

लाजेनं त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्या उठल्या, आणि उठताना कंबर धरायची सवय म्हणून हात मागे गेला, तर कंबर काही म्हणेचना. उभ्या राहिल्या तरी नाही. डोळ्यांपुढचं धुकं गेलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरावरची बारीक तारीख त्यांना जागेवरून दिसली. अंगात काहीतरी नवं आल्यासारखं त्यांना वाटलं, आणि खरं म्हणजे ते जुनंच होतं, तरुणपणीचं, विसरलेलं.

नर्सला त्यांनी सरळ सांगितलं की ही गादी तुम्हाला देता येत नाही, हिच्यावर मी झोपले. नर्स म्हणाली की उलट आता तर मला हीच हवी. काकू ऐकतात कसल्या. नियम म्हणजे नियम. आठ दिवसांत दुसरी देऊ, अगदी हिच्यासारखी. नर्स हसून कबूल झाली आणि आठ दिवस कसे काढायचे ते स्वतःशीच पुटपुटत गेली.

सून स्टुलावरून उठली. ती हळूच म्हणाली, "म्हणजे नापास?"

काकूंच्या तोंडाशी शब्द आला होता. पण रीळ त्यांच्या खिशात होतं, आणि हात खिशावर होता. उद्या बघू, एवढंच त्या म्हणाल्या. सुनेनं मान हलवली, झाडू घेतला आणि जमिनीवरचा कापूस गोळा करायला लागली. तिच्या पाठीकडे बघून काकूंना स्वतःची शरम वाटली, तरी हात खिशावरून निघाला नाही.

विकता येत नाही तर गादी ठेवायची कुठे? मुलानं ती उचलून काकूंच्या पलंगावर टाकली आणि जुनी भिंतीला टेकवून ठेवली. काकूंनी थोडी कुरकुर केली, मग झोपल्या. सकाळी घरात सगळ्यांच्या आधी उठल्या. सुनेला उठवलं नाही, स्वतः चहा केला, कारखाना उघडला. दाभणात दोरा पहिल्या फटक्यात गेला. एका चिंधीवर तीन पाकळ्यांचा टाका घालून पाहिला, तर वडिलांच्या टाक्याशेजारी ठेवावा असा सरळ. म्हणजे हात गेलेला नव्हता! वय बिय काही नाही, नुसती झोप मोडत होती. अजून दहा वर्षं हा दोरा मी कुणाला देत नाही, असं काकूंच्या मनात आलंच. माणूस आहे, येणारच.

त्याच भरात त्यांनी जुनी गादी ओढत आणली. म्हटलं आता पिंजून घेऊ, पहिली गादी आहे, हिला असं टाकायचं नाही. कात्रीनं शिवण उसवली, खोळ मागे घेतली आणि थर एकेक करून उचलायला लागल्या. उभा थर. त्याखाली उभा थर. त्याखाली पुन्हा उभाच.

काकू खाली बसल्या. आडवा थर एकही नव्हता. सुनेला पहिल्या दिवशी शिकवलं ते, अगदी पोरासोरांना कळावं असं, त्या स्वतः विसरल्या होत्या. कापूस सरकणार नाही तर काय होणार. ही गादी बेचाळीस वर्षांत बिघडली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून बिघडलेलीच होती. आणि वडिलांना ते पाठ टेकताच कळलं असणार. ही विकायची नाही, हिच्यावर तूच झोप. अरे देवा! मान कसला, गादी नापास केली होती त्यांनी. आणि आपण ती मिरवत, कंबर मोडून घेत, आयुष्यभर तिच्यावर लोळलो.

काकूंना हसू आलं. एकट्याच हसत बसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं, कारण दुसरी गोष्ट लक्षात आली. गादी नापास झाली त्याच दिवशी वडिलांनी रीळ हातात दिलं होतं. चुकीबद्दल एक शब्दही न बोलता. चुकलेल्या पोरीला.

सून चहाचा कप घेऊन दारात आली, तेव्हा काकू कापसाच्या ढिगात बसलेल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं, थर दाखवले. सुनेनं एकदा थरांकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि शहाणी म्हणून चहाचा कप तेवढा पुढे केला.

"माझी पहिली नापास झाली होती," काकू म्हणाल्या. "तुझी पहिली पास झाली. मी पडल्या पडल्या झोपले, याहून आणखी काय पास व्हायचं असतं गादीनं?"

आणि खिशातलं रीळ काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं.

सुनेचा पहिला लाल टाका काकूंच्याच पलंगावरच्या गादीला पडला. मधली पाकळी जरा लांब झाली. काकूंना ती दिसली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी खोट काढली नाही. मग पदर खोचून त्या तडक रस्त्यावर गेल्या. शिंप्याला मशीन थांबवायला लावलं आणि सांगितलं की काल मी घोरत होते ना, ती गादी माझ्या सुनेनं केलीय, एकटीनं, पहिल्या टाक्यापासून. शिंपी म्हणाला, ते कालच कळलं. तरी काकूंनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि मग औषधांच्या दुकानात सांगायला गेल्या.